मोजायलाच पैसे नाहीत, मग बचत कशाची? संशोधन-निधी समित्यांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
संशोधनाला निधी देणाऱ्या समित्यांचे सदस्य
आणि शोधनिबंधांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण, आपल्यापैकीच एका समितीनं नुकताच घेतलेला निर्णय. शाश्वत ऊर्जेवर काम करणारे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं संगणन कमी विजेत कसं बसवावं यावर काम करणारे, अशा दोन गटांनी मिळून एक प्रस्ताव पाठवला होता. तो मंजूर झाला, त्याबद्दल आभार. पण मंजुरीच्या पत्रात दोन बाबी कापल्या होत्या. एक, प्रत्येक सर्व्हरची वीज वेगवेगळी मोजणारी यंत्रणा. दुसरी, ती लावून सांभाळणाऱ्या माणसाचं पद. शेरा असा होता की मोजमाप ही सुविधा आहे, संशोधन नव्हे. जीपीयू, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचं गणित करणाऱ्या चिप, मात्र मागितले तेवढे सगळे मिळाले.

थोडक्यात, वीज वाचवण्यावर संशोधन करा. किती वाचली ते बघायच्या भानगडीत पडू नका.

समितीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका समितीचा नाही. दुसरीकडच्या सहकाऱ्यांना विचारलं तर शेऱ्याचे शब्द वेगळे, पण कात्री याच ओळींवर चाललेली. फेरविचाराचा अर्ज रीतसर केला आहेच. तरीही जाहीर लिहिते आहे, कारण हा पैसा लोकांचा आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला वीज किती लागते हा प्रश्नही आता लोकांचाच झाला आहे.

मी मूळची वीजवाली. रिले, ट्रान्सफॉर्मर, भाराचे आलेख यांतच शिकले आणि नंतर संगणन केंद्रात आले. आमच्या यंत्रांवर संशोधक कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं प्रशिक्षित करतात, म्हणजे ढीगभर माहिती दाखवून त्यांना शिकवतात. निबंध पाठवायची मुदत जवळ आली की त्यांच्यातलं कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन विचारतं, "माझ्या प्रशिक्षणाला वीज किती लागली?" प्रश्न सरळ आहे. उत्तरं मात्र तीन निघतात. जीपीयूमधला सेन्सर एक आकडा देतो. रॅकमधली वीज वाटणारी पट्टी, म्हणजे पीडीयू, दुसरा देते. पण त्याच पट्टीवर आणखी चौघांची कामं चालू असतात. वीज गेली तर बॅटरीवर भार धरणाऱ्या यूपीएसच्या पॅनेलवर तिसरा दिसतो, त्यात सगळी खोली आली. चिपच्या आकड्यात पंखे नाहीत, पॉवर सप्लायमध्ये उष्णता होऊन गेलेली वीज नाही, गारवा राखणारी यंत्रणा नाही. खोलीच्या आकड्यात हे सगळं आहे, पण कुणाचं किती ते नाही. मधला, एकेका सर्व्हरचा आकडा हवा असेल तर मीटर हवा. तोच आपण कापलात.

बरं, चिपच्या सेन्सरवर तरी भरवसा ठेवावा का? ए१०० आणि एच१०० या जीपीयूंचे सेन्सर ज्यांनी बारकाईनं तपासले, त्यांना असं दिसलं की हे सेन्सर एकूण वेळेच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यातच वीज पाहतात. उरलेल्या वेळात काय झालं ते त्यांना ठाऊकच नसतं. काम एकसारखं चालू असेल तर हे खपून जातं. चढउतार असतील तर आकडा कुठल्याही बाजूला घसरू शकतो. सीपीयूची, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपची, तऱ्हा आणखी वेगळी. इंटेलच्या चिपमध्ये ऊर्जेची नोंद ठेवणारा मोजक असतो आणि लिनक्सवर तो पूर्वी कुणालाही वाचता यायचा. २०२० मध्ये सुरक्षेवर काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्या आकड्याच्या चढउतारांवरून संगणकातल्या गुप्त किल्ल्या, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवणारे सांकेतिक आकडे, ओळखता येतात. लगेच तो मोजक सामान्य वापरकर्त्याला बंद झाला. बंद केला ते बरोबरच केलं. पण सामायिक यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तेव्हापासून स्वतःच्याच प्रोग्रामची वीज पाहायला प्रशासकाची मनधरणी करावी लागते. (आमच्याकडे तो प्रशासक बहुतेक वेळा मीच असते. नियमामुळे मी नाही म्हणते, आणि नाही म्हणताना मलाच वाईट वाटतं.)

वीज मोजणारी मोफत साधनं आहेत, नाही असं नाही. पण सेन्सर वाचता आला नाही तर त्यांतली बरीचशी चिपच्या कमाल वॉटेजवरून अंदाज बांधतात. अंदाज बांधण्यात गैर काही नाही. निबंधात तो 'मोजलेला' म्हणून छापून येतो, तिथे दुखणं आहे.

आता परीक्षकांकडे वळते.

२०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या एमा स्ट्रुबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेच्या मॉडेलांना लागणाऱ्या विजेचा पहिला गाजलेला हिशेब मांडला. मॉडेलची रचना यंत्राकडूनच शोधून घेण्याच्या एका प्रयोगात सुमारे २८४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. पाच मोटारींच्या आयुष्यभराच्या धुराएवढा, ही तुलना जगभर फिरली. मग २०२१ मध्ये गूगलमधल्या डेव्हिड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रयोगाचा आतला हिशेब छापला. आकडा होता ३.२ टन. ८८ पट फरक! बाहेरच्यांनी सरासरी डेटा सेंटर आणि जुने जीपीयू धरले होते. शिवाय तो शोध प्रत्यक्षात छोट्या मॉडेलांवर चालवला गेला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

हा किस्सा सहसा अंदाज करणाऱ्यांना हसण्यासाठी सांगतात. मला तो नेमका उलटा वाटतो. त्यांच्या हाती जे होतं त्यावर त्यांनी प्रामाणिक हिशेब केला, आणि गणित उघड मांडलं म्हणूनच तर फरक कुठे पडला ते सापडलं. मूळ प्रयोगाच्या निबंधात विजेची एक ओळ असती, तर जग दोन वर्षं भलता आकडा घेऊन फिरलं नसतं. अजूनही तो अधूनमधून भाषणांत ऐकू येतो. ती ओळ लेखकांनी लिहिली नाही हे खरं, पण त्यांच्याकडे ती मागितली कुणी? निबंध स्वीकारताना मागायचं काम परीक्षकाचं असतं. त्याच २०१९ मध्ये रॉय श्वार्ट्झ, जेसी डॉज, नोआ स्मिथ आणि ओरेन एट्झिओनी यांनी अचूकतेच्या जोडीनं कार्यक्षमतेलाही निकष माना, असं स्पष्ट सुचवलं होतं. तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. आजही निबंध उघडला की अचूकतेची कोष्टकं पानभर असतात आणि विजेचा उल्लेख शोधावा लागतो. सापडलाच तर तो शेवटच्या, यशस्वी प्रशिक्षणाचा असतो. त्याआधी जे फसले, अर्ध्यात थांबवले, पुन्हा सुरू केले, त्या प्रयोगांनी वीज खाल्लीच नाही असा एकूण आव.

विजेऐवजी परीक्षक विचारतात ते फ्लॉप्स, म्हणजे गणिती क्रियांची संख्या. मोजायला सोपी म्हणून ती रूढ झाली. पण वीज मुख्यतः गणितात जात नाही, माहितीच्या ने-आणीत जाते. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपसाठी मांडलेले आकडे या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतात : ३२ बिटांच्या दोन फ्लोटिंग-पॉइंट (दशांश) संख्यांच्या बेरजेला ०.९ पिकोज्यूल, आणि तेवढीच संख्या चिपबाहेरच्या डीरॅम या मेमरीतून आणायला ६४० पिकोज्यूल. सुमारे सातशे पट. तंत्र पुढे गेलं, आकडे खाली आले, पण हे अंतर मिटलेलं नाही. मॉडेलमधलं गणित करण्याची २०२२ ची फ्लॅश-अटेन्शन ही पद्धत याच जाणिवेतून आली. उत्तर तेच, पण मेमरीकडच्या खेपा कमी. काही गणितं ती साठवून ठेवण्याऐवजी पुन्हा करते, त्यामुळे एकूण क्रिया वाढतात. तरीही काम कितीतरी आधी संपतं. निव्वळ फ्लॉप्सच्या तराजूत घातली असती तर ही पद्धत तोट्याची ठरली असती. आपल्या तराजूत आजवर अशा किती चांगल्या कल्पना हलक्या ठरल्या असतील?

मोजलं तरी सीमा कुठे आखली हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. १७६ अब्ज पॅरामीटरांचं, म्हणजे शिकताना बदलत जाणाऱ्या तेवढ्या आकड्यांचं, ब्लूम हे भाषेचं मॉडेल फ्रान्सच्या झाँ झे या सार्वजनिक महासंगणकावर प्रशिक्षित झालं. त्याला ४ लाख ३३ हजार युनिट वीज लागली. प्रशिक्षणाच्या प्रत्यक्ष विजेपुरता हिशेब केला तर २४.७ टन कार्बन डायऑक्साइड. यंत्रं बनवताना झालेलं उत्सर्जन आणि यंत्रं नुसती चालू ठेवायला लागलेली वीज धरली की ५०.५ टन, म्हणजे दुप्पट. दोन्ही आकडे त्या संशोधकांनी शेजारी-शेजारी छापले. याला मी हिशेब म्हणते. गूगलनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जेमिनी या मॉडेलला मजकुराच्या मध्यक (मीडियन), म्हणजे सगळ्या विनंत्यांच्या बरोबर मधोमध येणाऱ्या, विनंतीसाठी ०.२४ वॉट-तास लागतात असं जाहीर केलं, आणि फक्त धावत्या चिप मोजल्या असत्या तर तोच आकडा ०.१० आला असता हेही सांगितलं. आकडा कंपनीचा आहे, बाहेरून तपासलेला नाही. पण सीमा तरी कळली.

कार्बनच्या हिशेबात तर सगळ्यात मोठी गंमत. फेसबुकवाल्या मेटानं आपल्या लामा ३.१ या मॉडेलांच्या प्रशिक्षणाचे दोन आकडे दिले. यंत्रं ज्या ग्रिडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर, चालली त्या ग्रिडप्रमाणे ११,३९० टन. आणि स्वच्छ विजेची जी खरेदी कागदोपत्री झाली ती जमेस धरून शून्य. मेटानं दोन्ही छापले हे चांगलंच केलं. पण आपल्यासमोर येणाऱ्या निबंधांत यांतला कुठला आकडा येतो आणि कुठला गाळला जातो, हे कुणी विचारतं का? वर्षभराच्या एकूण खरेदीशी वर्षभराचा एकूण वापर जुळला म्हणून मध्यरात्री वारा पडलेला असताना चाललेलं यंत्र पवन विजेवर चाललं असं होत नाही. ग्रिड वर्षाच्या बेरजेवर चालत नाही, दर क्षणाला तोल सांभाळावा लागतो.

इथून पुढची तक्रार माझ्या जुन्या क्षेत्राची, त्यामुळे जरा रेंगाळते.

१० जुलै २०२४ ची गोष्ट. अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्हीच्या एका लाइनवरचा सर्ज अरेस्टर, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण, निकामी झाला. लाइन आपोआप पुन्हा जोडली जाण्याचे प्रयत्न होत राहिले आणि ८२ सेकंदांत सहा वेळा व्होल्टेज खचलं. ग्रिडच्या लेखी असले दोष रोजचेच. पण त्या भागातल्या डेटा सेंटरांच्या यूपीएसमध्ये झटके मोजायची सोय होती. एका मिनिटात तीन झटके बसले की भार स्वतःच्या पर्यायी पुरवठ्यावर न्यायचा, आणि माणूस येऊन परत जोडेपर्यंत तिथेच ठेवायचा. सुमारे १,५०० मेगावॉट भार ग्रिडवरून बघता बघता नाहीसा झाला. कुणी वीज तोडली नव्हती. ग्राहकांनीच एकदम पाय काढून घेतला होता. आम्ही शिकलो ते वीजनिर्मिती केंद्र अचानक बंद पडलं तर काय करायचं. एवढा मोठा ग्राहक अचानक उठून गेला तर काय, हा धडा आत्ता लिहिला जातो आहे.

प्रशिक्षणाच्या भाराचा स्वभाव आणखी अवघड. हजारो जीपीयू एकाच तालात चालतात. सगळे मिळून गणित करतात, सगळे मिळून एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत थांबतात. लामा ३ च्या निबंधातच नोंद आहे की अशा वेळी डेटा सेंटरचा भार क्षणात दहा-वीस मेगावॉटनी किंवा त्याहूनही जास्त हलतो. ही हालचाल सपाट करायला थांबलेल्या चिपवर निरर्थक गणितं चालवून वीज जाळत ठेवायची, हाही एक उपाय उद्योगात आहे. माझ्यासारख्या बाईनं हे ऐकून हसावं की रडावं?

बॅटरीवर, कपॅसिटरवर, ग्रिडच्या स्थैर्यावर आयुष्य घातलेले संशोधक आपल्याकडे आहेत. हा प्रश्न त्यांच्या हातचा आहे. साठवण किती हवी, कुठे हवी, सौर-पवन वीज मुबलक असेल त्या तासांकडे प्रशिक्षण सरकवलं तर किती फरक पडेल, सगळं ते काढून देतील. गूगलनं २०२० पासून तातडी नसलेली कामं अशी सरकवायला सुरुवात केली आहे, म्हणजे कल्पना हवेतली नाही. पण बाहेरच्या संशोधकाला सेकंदागणिक भाराचा खरा आलेख कुणी देत नाही. तो बिचारा कल्पनेनं आलेख काढतो आणि त्यावर निबंध लिहितो. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्रांचे आलेख तरी खुले करता आले असते, पण तिथेही मीटर नाही, आणि असला तर नोंद महिन्याच्या बेरजेची.

आणि असा प्रस्ताव लिहून पाठवावा तरी कुठे? ऊर्जेची समिती म्हणते हा संगणनाचा विषय, संगणनाची समिती म्हणते हा विजेचा. प्रस्तावाचं तळ्यात-मळ्यात होत राहतं आणि तेवढ्यात जीपीयूची नवी पिढी बाजारात येते.

कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, हे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सनं कोळशाबाबत १८६५ मध्येच सांगितलं होतं. हल्ली त्याचं नाव कंपन्यांचे प्रमुखही घेतात, आणि तेही खुशीची बातमी म्हणून. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. २०३० पर्यंत ती सुमारे ९४५ टेरावॉट-तासांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. प्रत्येक विनंतीमागची वीज कमी करण्याचं काम तरीही करावंच लागेल. मात्र ते काम करणाऱ्यांनी एकूण आकड्याकडे पाठ फिरवू नये, आणि आपणही त्यांना ती फिरवू देऊ नये.

मी जे मागते आहे त्यावरचे आक्षेप मला माहीत आहेत. छोट्या प्रयोगशाळांना मीटर परवडणार नाहीत, हा पहिला. मान्य. त्यांना अंदाज देऊ द्या, फक्त तो अंदाज आहे असं लिहून घ्या. दुसरा, व्यापारी गुपितांचा. युरोपीय संघाच्या कायद्यानं ऑगस्ट २०२५ पासून मोठ्या मॉडेलांच्या निर्मात्यांना विजेचा ज्ञात किंवा अंदाजित आकडा नोंदवून ठेवायला लावला आहे, आणि तो मागितला तर नियामकाला द्यावा लागतो. म्हणजे आकडा काढता येतो. कंपन्यांवर आपलं बळ चालत नसेल, पण आपण ज्यांना पैसे देता आणि ज्यांचे निबंध स्वीकारता त्यांच्यावर ते पुरेपूर चालतं.

तेव्हा मागण्या अशा.

१. संगणन यंत्रं मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात सर्व्हरनिहाय वीजमापन ही सक्तीची बाब करा. ती कापायची असेल तर त्याच प्रमाणात यंत्रंही कापा. आमच्या प्रस्तावातल्या दोन्ही बाबी परत द्या.

२. निबंधात युनिटमध्ये वीज, हिशेबाची सीमा, आकडा मोजलेला की अंदाजित, आणि फसलेल्या प्रयोगांसह एकूण वापर, एवढं छापल्याशिवाय 'कार्यक्षम' हा दावा स्वीकारू नका. कार्बनचा आकडा द्यायचा तर ग्रिडप्रमाणे आणि खरेदीप्रमाणे, दोन्ही.

३. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या यंत्रांच्या भाराचे सेकंदागणिक आलेख, वापरकर्त्यांची ओळख काढून, खुले करा. गुप्त किल्ल्यांचा धोका टाळून हे कसं करायचं ते ठरवायला सुरक्षेच्या लोकांनाही बसवा.

४. या विषयाच्या प्रत्येक समितीवर एक माणूस विजेचा आणि एक संगणनाचा असलाच पाहिजे.

५. मोजमाप सांभाळणाऱ्यांना प्रकल्पापुरतं नव्हे, कायम पद द्या. उपकरणाचं कॅलिब्रेशन बिघडलंय हे ओळखायला ते उपकरण वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस लागतो. दर करारासोबत तो जातो आणि मागे राहतात ते कुणालाच न समजणारे आकडे.

पुढच्या निधी-फेरीची घोषणा होण्याआधी आपण या पाच मुद्द्यांवर आपापलं उत्तर जाहीर करावं. एखाद्या मुद्द्याला नकार असेल तर तोही चालेल, पण कारणासह आणि लेखी.

कळावे,

आपली,
संगणन केंद्रात विजेचं काम पाहणारी एक अभियंता